उल्कांची वही : वेल्ह्याची रात्र आणि १२.४१ चा अग्निगोल

सहावीप्रत | मंगळवार, रात्री ९.२०

१३ डिसेंबरची रात्र वेल्ह्याच्या पुढे ओळखीच्यांच्या माळावर काढली. आम्ही सहा जण होतो. नैर्ऋत्येला तोरणा, ईशान्येला पुण्याचा पिवळट उजेड. हा उजेड इतक्या लांबूनही क्षितिजावर हातभर चढलेला दिसतो आणि दर हिवाळ्यात थोडा आणखी वर सरकतो. बाकी आकाश मात्र स्वच्छ होतं. चंद्र दोनच्या सुमारास उगवणार होता, त्यामुळे मधले पाच-सहा तास पूर्ण आमचे.

आपल्याकडे उल्कावर्षाव म्हटलं की वर्तमानपत्रं ऑगस्टातल्या ययातीच्या उल्कांवर लिहितात. १२-१३ ऑगस्टला पुण्यात आकाश दिसणं म्हणजे लॉटरीच. माझ्या वहीत ऑगस्टच्या पानांवर बहुतेक 'ढग' एवढाच शब्द आहे. आपला खरा वर्षाव डिसेंबरातला, मिथुनेचा. त्याचा उद्गमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती आकाशातली जागा, पुण्याच्या अक्षांशावर पावणेआठच्या आत उगवतो आणि रात्री अडीचला जवळजवळ डोक्यावर, ७५ अंशांपर्यंत येतो. सिंहेतल्या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटरने येतात, डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतात. मिथुनेच्या ३५ किलोमीटरने येतात. सावकाश, नीट बघू देणाऱ्या. शिवाय यांचं मूळ धूमकेतू नाही, १९८३ साली सापडलेला फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. ही गोष्ट मला अजूनही दर वर्षी नव्याने नवल वाटायला लावते.

पण धागा काढला तो वर्णनासाठी नाही. वहीबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने एका रात्रीत २१४ उल्का 'मोजल्या'. गोलात झोपलो होतो, कुणी 'गेली!' ओरडलं की मधला एक जण कागदावर रेघ ओढायचा. सकाळी आनंदाने चहा प्यायलो. नंतर ती नोंद कुठे पाठवायची म्हणून नियम वाचायला घेतले, तेव्हा कळलं की त्या कागदाचा काही उपयोग नाही. कोणती उल्का कुणी पाहिली, माहीत नाही. कोण किती वेळ झोपलं होतं, माहीत नाही. आकाश किती काळं होतं, माहीत नाही. एक माणूस, एक नोंद हा पहिला नियम आणि तोच आम्ही मोडला होता. तो कागद मी जपून ठेवला आहे. तेव्हापासून गटात असलो तरी प्रत्येकाची वही वेगळी, आणि ओरडायचं नाही. हे दुसरं जमायला दोन हिवाळे गेले. मोठी उल्का गेली की तोंडातून आवाज निघतोच.

माझी पद्धत अशी. पाठीवर उताणा, डोक्याखाली उशी, नजर उद्गमबिंदूवर नाही तर त्याच्यापासून तीसेक अंश बाजूला. उद्गमबिंदूपाशी उल्का आखूड दिसतात, बाजूला लांब दिसतात. छातीवर रायटिंग पॅड, पेन्सिल सुतळीने बांधलेली. पेनाचा नाद सोडा, उत्तररात्री दवाने कागद मऊ पडतो आणि बॉलपेन उमटत नाही. टॉर्चच्या तोंडाला लाल जिलेटीनचे तीन थर. वेळ, प्रत (म्हणजे तेजाचा आकडा, जितका कमी तितकी उल्का ठळक), कुठल्या वर्षावाची, एवढंच लिहायचं आणि तेही न बघता, एका ओळीवर एक. दर पंधरा मिनिटांनी एक आडवी रेघ. चहाला उठलो की 'उठलो' आणि वेळ, परत आलो की 'आलो' आणि वेळ.

त्या रात्रीची २३वी ओळ अशी आहे : '००.४१, –५, मि., शेवट व्याधाखाली, दोरी.' 'मि.' म्हणजे मिथुनेची. शुक्रापेक्षा ठळक होती, अशा उल्केला अग्निगोल म्हणतात. सगळा माळ एकदम निळसर उजळला, शेजारच्याची कानटोपी दिसली मला. 'दोरी' म्हणजे उल्का गेल्या गेल्या मी हातभर सुतळी ताणून तिच्या मार्गावर धरली आणि शेवट कुठे झाला ते ताऱ्यांवरून पाठ केलं. व्याधाच्या खाली दीड मूठ, किंचित उजवीकडे.

दोन प्रश्न आहेत. एक, तुम्ही वही कशी ठेवता? दोन, हा १२.४१ चा अग्निगोल आणखी कुणी पाहिला का? पुण्यातून, सासवडकडून, कुठूनही. वेळ, दिशा, जे आठवेल ते लिहा.

कानटोपी | मंगळवार, रात्री १०.०५

छान लिहिलंय. मी मात्र वही सोडली. गच्चीवर कॅमेरा लावतो, रात्रभर फोटो काढतो, सकाळी चहा पिताना चाळतो. जगभर लोक रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला सुरक्षा कॅमेऱ्याचा सेन्सर जोडून उल्का टिपतात, ग्लोबल मिटिऑर नेटवर्क त्यातून थेट कक्षा काढतं. आता डोळ्याने मोजून काय मिळतं, हा माझा मनापासूनचा प्रश्न आहे.

शिक्षिका_हडपसर | मंगळवार, रात्री १०.४०

सहावीप्रत दादा, आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलींना घेऊन मी गच्चीवर उल्का दाखवते. हडपसरच्या गच्चीवरून तासाभरात पाच-सहा दिसतात, मुली खूश असतात. पण 'आकाश किती काळं होतं' हे लिहायचं कसं? आणि माझ्या पाच आणि तुमच्या तीस यांची तुलना होते तरी का? हिशेब जमेल अशा भाषेत सांगाल का, मुलींना फळ्यावर करून दाखवीन.

सहावीप्रत | बुधवार, सकाळी ७.१०

ताई, होते तुलना, आणि त्यातच सगळी गंमत आहे.

आधी आकाश. आकाशात ठरावीक त्रिकोण आणि चौकोन आखून दिलेले आहेत, ओळखीच्या ताऱ्यांना कोपरे धरून. त्यातला एक निवडायचा आणि आत दिसणारे तारे मोजायचे, कोपऱ्यांचे धरून. नजर थेट न लावता किंचित बाजूला ठेवून मोजायचं, बाजूने अंधुक तारे जास्त दिसतात. आकडा तक्त्यात पाहिला की कळतं तुम्हाला कितव्या प्रतीपर्यंत दिसतंय. यालाच लिमिटिंग मॅग्निट्यूड म्हणतात. रात्रीतून तीन-चार वेळा मोजायचं, कारण धुकं येतं, चंद्र येतो, आपले डोळेही दमतात. आणि मोजण्याआधी किमान वीस-पंचवीस मिनिटं अंधारात. मुलींचे मोबाइल खाली ठेवायला सांगा, एकदा स्क्रीन पाहिली की पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते.

आता फळ्यावरचं उदाहरण, माझ्याच वहीतलं. १२ ते १ या तासात मला मिथुनेच्या ३१ उल्का दिसल्या. त्यातली पाच मिनिटं मी आकाशाकडे बघतच नव्हतो, म्हणजे खरा वेळ ०.९२ तास. एका आंब्याने माझ्या नजरेतला दहावा हिस्सा झाकला होता, म्हणून १.११ ने गुणायचं. मला ५.५ प्रतीपर्यंत दिसत होतं, आदर्श आकाश ६.५ चं मानतात. मिथुनेच्या उल्का एक प्रत अंधुक होत गेल्या की साधारण २.६ पट वाढतात, म्हणून एका प्रतीच्या फरकासाठी २.६ ने गुणायचं. उद्गमबिंदू साडेबाराला साठ अंशांच्या जरा खाली होता, त्याची साइन ०.८६, तिने भागायचं.

३१ × १.११ × २.६ म्हणजे ८९.५. त्याला ०.९२ × ०.८६ ने भागा. उत्तर ११३. ते अधिक-उणे २०, कारण ३१ हा तसा लहानच आकडा. याचा अर्थ असा, की पूर्ण काळोख्या आकाशाखाली, उद्गमबिंदू डोक्यावर असता, एका माणसाला तासाला एवढ्या दिसल्या असत्या. याला झेडएचआर म्हणतात.

आता मुलींना हे करायला सांगा. समजा मी तारे मोजले नाहीत आणि आकाश सुंदर होतं म्हणून डोळे झाकून ६.० लिहिलं. बाकी सगळं तेच. उत्तर ७० येतं! अर्ध्या प्रतीच्या अंदाजाने ११३ चे ७० झाले. उल्का तेवढ्याच, रात्र तीच. म्हणून मी म्हणतो, तारे मोजले नसतील तर उल्का मोजून उपयोग नाही.

हडपसरच्या पाच उल्काही याच सूत्रात बसतात. फक्त आकाश ४.५ चं असेल तर दोन प्रतींसाठी २.६ दोनदा गुणायचा, म्हणजे पावणेसात पट. तिथे एखाद्या उल्केची चूकही पावणेसात पटीने वाढते. म्हणून शहरातली नोंद दुबळी असते, पण खोटी नसते.

कानटोपी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर संध्याकाळी.

पाऊलवाट | बुधवार, दुपारी २.३०

वहीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मोजणी वेगळी आणि मांडणी वेगळी. सहावीप्रत यांनी मोजणी सांगितली, मी मांडणीबद्दल सांगते, म्हणजे उल्केचा मार्ग नकाशावर रेघ ओढून दाखवणं. मला यात जास्त रस आहे, कारण कोणत्या वर्षावाची उल्का हे मोजणारा तिथल्या तिथे ठरवून टाकतो आणि चुकतोही. मांडलेली रेघ मात्र दहा वर्षांनीसुद्धा तपासता येते.

माझी चूक सांगते. कॉलेजात असताना ऑक्टोबरच्या दोन रात्री मी पानशेतजवळ काढल्या आणि चाळीसेक उल्का मांडल्या. कशावर, तर फिरत्या तबकडीच्या नकाशाच्या झेरॉक्सवर. घरी येऊन पट्टीने सगळ्या रेघा मागे वाढवल्या. मृगाच्या डोक्यावर जिथे त्या जुळायला हव्या होत्या, तिथे जुळेनात. मृगाच्या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या, उद्गमबिंदू पक्का ठाऊक असलेला. आणि माझ्या रेघा तिथून पंधरा अंश बाजूला गोळा होत होत्या. मला वाटलं नवीन वर्षाव सापडला! दोन आठवडे मी त्या आनंदात होते. मग एका ज्येष्ठ निरीक्षकांनी माझे कागद हातात घेतले, बराच वेळ बघितले आणि एवढंच विचारलं, 'नकाशा कोणता?'

उल्का आकाशाच्या गोलावर मोठ्या वर्तुळाच्या, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळाच्या, तुकड्यावरून जाते. तबकडीच्या नकाशावर ते वर्तुळ वाकतं. मी वाकड्या वाटेवर सरळ पट्टी लावत होते. यासाठी नोमोनिक प्रक्षेपणाचे नकाशे लागतात. त्यात प्रत्येक मोठं वर्तुळ सरळ रेघ होऊन उतरतं, म्हणून उल्केची वाट पट्टीने मागे वाढवता येते. कडेला तारकासमूह ताणलेले, ओळखू न येणारे दिसतात. ती त्याची किंमत. चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहराचा बारा नकाशांचा संच यासाठीच केलेला आहे. जमिनीवर अंथरलात तर पहिल्यांदा डोळे फिरतात, मृग लांबुडका दिसतो, पण आठवड्याभरात सवय होते.

मांडायची रीत. उल्का गेली की मान हलवायची नाही. दोरी किंवा बारीक काठी हात लांब करून तिच्या वाटेवर धरायची. वाट कोणत्या दोन ताऱ्यांच्या मधून गेली, कोणत्या ताऱ्याला घासून गेली, हे आधी मनात म्हणायचं. सुरुवात आणि शेवट यांपेक्षा वाटेची दिशा महत्त्वाची, कारण टोकं डोळ्याला कधीच नीट समजत नाहीत. मग लाल उजेडात रेघ, टोकाला बाण, आकडा. बाजूला वेळ, प्रत, वेग, आणि रेघेवर माझा स्वतःचा किती भरवसा आहे ते : १, २ किंवा ३. हा भरवशाचा रकाना पुष्कळ लोक रिकामा सोडतात. मला विचाराल तर वहीतला सर्वांत मोलाचा रकाना तोच.

घरी तपासताना तीन गोष्टी पाहते. रेघ मागे वाढवली की उद्गमबिंदूजवळून जाते का? उल्केच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतर सुरुवात आणि उद्गमबिंदू यांच्यात आहे का? आणि वेग जुळतो का? तिन्ही जुळलं तर त्या वर्षावाची, नाहीतर सुटी, म्हणजे त्या वर्षावाशी संबंध नसलेली. रेघ जुळते पण वेग जुळत नाही अशा उल्का दर रात्री भेटतात.

मात्र मिथुनेच्या शिखर-रात्री मांडणी करू नका. एक उल्का मांडायला मला पस्तीस-चाळीस सेकंद लागतात, तासाला साठ आल्या तर चाळीस मिनिटं खाली मान. तासाला वीसपर्यंत असतील तरच मांडणी. सहावीप्रत यांनी फक्त अग्निगोलाला दोरी लावली, हे योग्य केलं.

भोरचा_शेतकरी | बुधवार, रात्री ११.५०

नमस्कार. मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय. त्या रात्री मी बघितलाय तो.

आमच्याकडे या आठवड्यात लाईट रात्री बाराची आहे. मोटर चालू करून गव्हाला दारं धरायला गेलो होतो. पहिलं वाफं भरून दुसऱ्याचं दार मोडलं आणि पाण्यात एकदम उजेड पडला. आधी पाण्यात बघितला, मग वर. सावली पडली होती माझी बांधावर, फावड्याची पण. वरून मृगाच्या डाव्या अंगाने खाली आला आणि मृगाच्या खाली विझला. विझताना दोन तुकडे झाल्यासारखे वाटले. मी लगेच भावाला फोन लावला, तो घरी जागा होता. फोनात आत्ता बघितलं, कॉल १२.४२ ला आहे.

दिशा सांगायची तर विझला तिथे सरळ खाली रोहिडा किल्ला येतो आमच्या शेतातून. रानात रात्री असतो म्हणून चांदण्या तुटताना पुष्कळ बघतो, कधी लिहून नाही ठेवलं. हे कामाचं आहे का?

सहावीप्रत | गुरुवार, सकाळी ६.३०

दादा, कामाचं आहे का काय विचारता! वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

एक विनंती. आज रात्री त्याच जागी, त्याच बांधावर उभे राहाल का? तारे रोज चार मिनिटं लवकर येतात. घटना रविवारी उजाडता १२.४१ ची, म्हणून आज गुरुवारच्या मध्यरात्रीनंतर १२.२१ ला आकाश अगदी तसंच असेल. मृगाच्या दक्षिणेकडच्या दोन पायांपासून तो विझला ती जागा किती खाली होती, ते मुठीने मोजा. हात पूर्ण लांब करून एक मूठ म्हणजे दहा अंश, करंगळी एक अंश. घाई नको. आधी डोळे मिटून तो परत 'बघा', मगच हात लावा. माझा आकडा काय निघतो ते मी मुद्दाम लिहीत नाही.

भोरचा_शेतकरी | शुक्रवार, पहाटे १.१५

आत्ताच येऊन लिहितोय. १२.२१ ला उभा होतो. भाऊ बरोबर होता, त्याला काही न सांगता मी दाखवलेल्या जागेवर काठी धरायला लावली.

मृगाच्या खालच्या दोन पायांच्या बरोब्बर मधोमध, सरळ खाली, पावणेदोन मुठी. रोहिड्याचं टोक तिथून तसूभर डावीकडे येतं. जमिनीपासून मोजलं तर साडेचार मुठी भरतं. तीनदा मोजलं, दोनदा साडेचार आणि एकदा पावणेपाच आलं.

पाऊलवाट | शुक्रवार, दुपारी १.००

सहावीप्रत, मी कागद घेऊन बसले आणि भात करपला. राहवलं नाही.

वेल्ह्यातून अग्निगोल व्याधाच्या खाली विझला, भोरातून मृगाच्या पायांखाली. त्याच क्षणी, तोच अग्निगोल, आकाशात अकरा-बारा अंशांनी सरकलेला. म्हणजे तो आपल्या जवळचाच, वातावरणातला. १७९८ साली ग्योटिंगेनच्या ब्रांडेस आणि बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी हेच केलं. काही मैलांवर दोन ठिकाणी बसले, एकाच उल्केची रेघ दोघांनी मांडली आणि उल्का जमिनीपासून काही दशक किलोमीटर उंचीवर जळतात हे जगाला पहिल्यांदा कळलं. त्याआधी लोकांना हवेतले वायू पेटतात असं वाटायचं.

आता आपलं. वेल्हे ते भोर सरळ रेषेत सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. वेल्ह्याच्या निरीक्षणातले ताऱ्यांचे स्थान दिशेत उतरवले तर शेवटचा बिंदू दक्षिणेच्या बारा अंश पूर्वेला, उंची चाळीस अंशांच्या किंचित खाली. भोरातून जवळजवळ अगदी दक्षिण, एक-दीड अंश पश्चिमेला, उंची पंचेचाळीस-शेहेचाळीस. नकाशावर दोन्ही गावांतून दोन रेघा ओढल्या. त्या पाटण-कोयनानगरच्या आसपास एकमेकींना छेदतात. भोरापासून साधारण ७८ किलोमीटर, वेल्ह्यापासून ९७.

आणि इथे दादांच्या साडेचार मुठींनी काम सोपं केलं. पंचेचाळीस अंश म्हणजे उंची जमिनीवरच्या अंतराइतकीच. ७८ किलोमीटर लांब, तर साधारण ८० किलोमीटर उंच. वेल्ह्याकडून स्वतंत्रपणे काढली तर तीही ८०. मी दोनदा तपासलं. उठून खिडकीपाशी जाऊन आले आणि तिसऱ्यांदा तपासलं.

चूक किती असेल तेही लिहिते. दोन दिशांमध्ये फक्त साडेतेरा अंशांचा फरक आहे आणि मुठीने मोजताना दोन-तीन अंश सहज इकडे-तिकडे होतात. त्यामुळे भोरापासूनचं अंतर साठही असू शकतं, शंभरही. पाया, म्हणजे दोन निरीक्षकांमधलं अंतर, लहान आहे. पन्नास-साठ किलोमीटरचा पाया असता तर चूक निम्मी झाली असती. पण अग्निगोल कोयनेच्या खोऱ्यावर, वातावरणात ऐंशीच्या आसपास विझला, एवढं दोन माणसांनी दोन सुतळ्या-काठ्यांनी ठरवलं.

दादा, एक विचारायचं राहिलं. विझल्यावर पाच-सहा मिनिटांनी गडगडाट ऐकू आला का? इतक्या उंचीवरून आवाज यायला वेळ लागतो, शंभर-सव्वाशे किलोमीटरला पाच-सहा मिनिटं. आवाज आला तर तुकडे खोल उतरले असण्याची शक्यता असते.

भोरचा_शेतकरी | शुक्रवार, सायंकाळी ७.४०

ताई, आवाज नाही. मोटरीचा आवाज चालू होता, पण मोटर लांब आहे. भाऊ म्हणतो त्यालाही नाही. मी नाही ऐकला असंच लिहा.

घरी पोराला सगळं वाचून दाखवलं. त्याने वहीचं पान आखून दिलंय. रात्रीची लाईट पुढच्या आठवड्यातपण आहे.

कानटोपी | शुक्रवार, रात्री ९.१५

मी माझा प्रश्न मागे घेतो, निदान अर्धा. माझ्या कॅमेऱ्यात तो अग्निगोल नाही. दक्षिणेला आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी येते. कॅमेरा जिथे लावला तिथेच बघतो, माणूस बांधावर उभा असतो.

एक भर घालतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे एका ओळीत जाताना दिसले. गावोगावचे व्हिडिओ 'उल्का, उल्का' म्हणून फिरले. तो चिनी रॉकेटचा वरचा टप्पा होता आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलेलं सापडलं. फरक ओळखायला कालावधी लिहिलेला पुरतो. उल्का सेकंदात संपते, मोठी असली तरी काही सेकंदांत. रॉकेटचे तुकडे आकाश ओलांडायला मिनिटभर घेतात, कारण ते सेकंदाला जेमतेम सात-आठ किलोमीटरने येतात. वहीत 'किती सेकंद' हा रकाना ठेवा. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणत मोजलं की बरोबर येतं.

सहावीप्रत | शनिवार, सकाळी ८.००

कानटोपी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. कॅमेरे कक्षा काढतात, त्यात डोळा त्यांच्या पासंगालाही पुरत नाही. पण उल्कावर्षावाच्या जुन्या नोंदी डोळ्याच्या आहेत. १८३३ च्या नोव्हेंबरातलं सिंहेचं वादळ ओल्मस्टेड या अमेरिकन प्राध्यापकाने ठिकठिकाणच्या लोकांची पत्रं गोळा करून समजून घेतलं. आजच्या वर्षावाची कालच्याशी तुलना करायची तर कुणीतरी त्याच पद्धतीने मोजत राहिलं पाहिजे.

दुसरं कारण आपलं स्वतःचं. ३-४ जानेवारीच्या क्वाड्रंटिड्स या उल्कावर्षावाचं शिखर काही तासांचंच असतं. ते तास जपानच्या पहाटेनंतर आणि युरोपच्या रात्रीआधी पडले, तर ते दिसतात आपल्या रेखांशावरून. त्या वेळी इथे कुणी वही घेऊन बसलं नसेल तर तो तुकडा जगाच्या आलेखात कोराच राहतो. आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून अशा नोंदी गोळा करते. पाठवताना वेळ जागतिक लिहायची, आपल्यातून साडेपाच तास वजा. इथे नवे लोक हमखास चुकतात, कारण वजा केल्यावर तारीखही बदलते. आमचा अग्निगोल आपल्या लेखी १४ डिसेंबर ००.४१ चा, त्यांच्या लेखी १३ डिसेंबर १९.११ चा.

पुण्यात कुणाला प्रत्यक्ष शिकायचं असेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून. जाऊन विचारा.

दादा, तुमची आणि माझी नोंद मी एकत्र करून पाठवतोय. निरीक्षक दोन, वह्या दोन. 'आवाज नाही' हे तुमच्या शब्दांत लिहिलंय.

शिक्षिका_हडपसर | सोमवार, रात्री १०.२०

काल रात्री शाळेच्या गच्चीवर नऊ मुलींनी पहिल्यांदा वही ठेवली. मोबाइल खाली शिपाईमामांकडे. समोरच्या इमारतीचा हॅलोजन एका बाजूने डोळ्यांत येत होता, तिकडे पाठ करून झोपलो. त्रिकोणातले तारे नऊ जणींनी वेगवेगळे मोजले, आकडे जुळले नाहीत. त्यावर भांडण झालं, मग पुन्हा मोजले. ४.० ते ४.४ च्या मध्ये आलो.

नऊ ते दहा, सगळ्यांची बेरीज केली नाही, तुम्ही सांगितलं तसं. पाच वह्यांत एक उल्का आहे, ९.१७ ची. तीन वह्यांत शून्य. एकीने सगळा तास आखून पंधरा-पंधरा मिनिटांचे चार रकाने केले होते आणि ९.१५ ते ९.३० च्या रकान्यात लिहिलं होतं : 'मैत्रिणी ओरडल्या. मी खाली बघत होते, बूट घालत होते. २ मिनिटं वजा.'